मायभूमीच्या जागी

“ज्ञानू शेवाळेला माईकच्या जवळ फिरकू द्यायचं नाही,” सुभेदार रंगराव खराडे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले. “कार्यक्रम तुमच्या हातात आहे, मॅडम. काहीही करा, पण तो बोलता कामा नये.”

माझा पोह्यांचा चमचा हातातच राहिला. तोफांच्या तोंडी बसून कविता लिहिणारा वीर म्हणून ज्यांची ओळख मी दरवर्षी वर्गात करून द्यायची, ते सुभेदार पंच्याने कपाळाचा घाम पुसत होते.

“हे ज्ञानू शेवाळे कोण?” मी विचारलं.

“आमच्या पलटणीतला नाईक. तेव्हा मला सीनियर. हल्ली पिंपरीला पोराकडं असतो. पेपरातली बातमी ऐकून आलाय, मी काही बोलावलं नव्हतं. आत्ता पारावर माझं घर विचारतोय म्हणे.”

“मग चांगलंच की! जुने सोबती आहेत, दोन शब्द बोलतील.”

“तो दोन शब्दांवर थांबणारा नाही,” सुभेदार म्हणाले आणि उठून खिडकीतून रस्ता बघून आले.

त्या वेळी, सुभेदार ज्यात लढले त्या युद्धाला तीस वर्षं होत आली होती आणि मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवत होते. सुभेदारांचं धावडगाव म्हणजे घरटी एक माणूस फौजेत धाडणारं गाव. गावकऱ्यांनी नवं वाचनालय बांधलं होतं, त्याला सुभेदारांचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि दारात काळ्या दगडावर त्यांची कविता कोरून घेतली होती. दुपारी त्या दगडावरचं कापड निघायचं होतं आणि मग सुभेदार स्वतः कविता म्हणणार होते. सूत्रसंचालनाला बोलकं माणूस हवं होतं. त्या बाबतीत माझी तालुकाभर बदनामी होती, म्हणून मला बोलावणं आलं.

कविता एकच, ‘नाव घेतो’. सुभेदारांनी आयुष्यात तेवढी एकच छापली आणि तिच्यावर त्यांचं नाव झालं. दर दोन ओळींत ‘मायभूमीचे नाव घेतो’ येतं आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. पुण्याच्या एका मासिकात ती पहिल्यांदा आली तेव्हा खाली एवढंच होतं, की कवी सैनिक असून सध्या रुग्णालयात आहेत. पुढच्या एका संग्रहात कवी जखमी झाले. मग कुणीतरी ती तोफगोळ्यांच्या उजेडात लिहिल्याचं शोधून काढलं. आमच्या कॉलेजातल्या सरांनी ती लिहायला बिस्किटांचं खोकं आणि कोळसा पुरवला, आणि अलीकडे एका व्याख्यात्याने कोळसा काढून बोटाचं रक्त आणलं. दुसरी कविता का लिहिली नाही, यावर एका समीक्षकाचा मोठा लेख होता. त्यात या न लिहिण्याला ‘तपस्व्याचं मौन’ म्हटलं होतं. तोच लेख परीक्षेत उतरवून मला चांगले मार्क पडले होते, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

“काकू, यांना जखम नेमकी कुठे झाली होती?” पोहे वाढायला आलेल्या सुभेदारांच्या बायकोला मी विचारलं. मला भाषणात ते घालायचं होतं.

“जखम?” काकू म्हणाल्या. “कावीळ झाली होती ह्यांना. उसाच्या रसावर काढले दिवस.”

“अगं, मॅडम लिहून घेतायत!” सुभेदार कळवळले.

“मग घेऊ द्या की. कावीळ काय लाजायचा रोग हाय व्हय?” असं म्हणून काकू कढई घेऊन आत गेल्या.

एवढ्यात अंगणातून आवाज आला, “रंगा! घरात हायस, का तुलाबी दगडात बसवला?”

दारात उंच, ताठ म्हातारा उभा होता. कोटावर पदकांची रांग, मिशा पिळून गालांवर चढवलेल्या. त्याच्या मागे ठेंगणी बायको होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दोघं एका गाडीने आली असली तरी एका बाकावर बसली नसावीत असं वाटत होतं. ज्ञानू शेवाळेने सुभेदारांना अशी मिठी मारली की पंचा खाली पडला.

“वहिनी,” ज्ञानूची बायको हौसाबाई उंबऱ्यातूनच काकूंना म्हणाली, “ह्यांच्या चहात साखर घालू नगा.”

“साखरेचा आजार हाय का भावजींना?”

“आजार न्हाय, शिक्षा हाय,” हौसाबाई म्हणाली आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

ज्ञानू खुर्चीत बसला. एका क्षणात त्याचा सगळा ताठा उतरला. “बघितलंस रंगा? हे तुज्यापायी चाललंय. तीस वर्सं हिला सांगत आलोय, रंगाच्या कवितेत तुजं नाव छापलंय, अगदी पयलं. मला वाचायचा कंटाळा. म्हटलं, छापलं असंलच. आता नातीला पाचवीच्या पुस्तकात ती कविता आली. पोरीनं आजीला बसवून घडाघडा वाचून दावली. हौसा कुठंच न्हाय! वर मायभूमी, खाली मायभूमी!”

“मला फसवलं,” आतून आवाज आला. “अजून कशाकशात फसवलंय, देवाला ठाऊक!”

“ऐकलंत?” ज्ञानू माझ्याकडे वळून म्हणाला.

“पण काका,” मी म्हणाले, “सुभेदारांच्या कवितेत तुमच्या मंडळींचं नाव कसं येईल?”

“सुभेदाराच्या?” ज्ञानूने आधी माझ्याकडे आणि मग सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार फरशी बघत होते. “असं सांगितलंय व्हय तू समद्यांना?”

“मी नाही सांगितलं,” सुभेदार पुटपुटले. “लोक सांगत गेले.”

“आता खरं ऐका, मॅडम. रात्र न्हाय का तोफेचा उजेड न्हाय, भर दुपार होती. दिवसा डोस्कं वर काढायची सोय न्हवती, निसतं खंदकात बसून ऱ्हायाचं. भ्यावानं जीव घाबरा व्हायचा. मी म्हटलं, चला रं, लग्नात घेत्यात तसं नाव घ्या. घरी बायकूला ‘अगं’बिगर हाक मारायची छाती न्हाय कुणाची, हितं कोण थोरलं माणूस ऐकाया बसलंय? ज्याचं लगीन झालं न्हाय, त्यानं मनातल्या पोरीचं घ्यायचं. ज्याला काय जमंना, त्यानं मागच्या खंदकातनं रांगत जाऊन पाण्याचा डबा आणायचा.”

तो उठून उभा राहिला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला:

“खंदकात बसलो, डोक्यावर ऊन,
हौसाचं नाव घेतो मिशीला पीळ देऊन!”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी मात्र मनातल्या मनात हात जोडले. त्या मिशीच्या पिळात अवघ्या महाराष्ट्राची अस्मिता आहे, असं मी दरवर्षी पोरांना सांगत होते.

“दुसरा यशवंता बोडके,” ज्ञानू पुढे निघाला. “तोफेच्या तोंडातनं निघतोय धूर, गजराचं नाव घेतो, गाव किती दूर! गजरा म्हंजी त्याची बायकू. आन तिसरा मारुती ढाणे, ह्याच गावचा. लगीन न्हवतं झालं बिचाऱ्याचं. त्यानं जे घेतलं…”

“ज्ञानू, पाणी तापलंय, आंघोळ करून घे,” सुभेदार एकदम म्हणाले.

“करतो रं. आधी ह्यांना सांगू दे रंगानं काय घेतलं. सांगू का, मॅडम?”

“काय घेतलं?”

“पाण्याचा डबा!” ज्ञानू मांडीवर थाप मारून हसला. “कवितेतली एक ओळबी ह्याची न्हाय. अक्षर चांगलं म्हणून समद्यांचं ध्यानात ठेवून लिहून काढलं, एवढंच.” मग तो हसायचा थांबला. “रंगा, मला तुजी कविता नगं, तुजं नाव नगं. दगडावर काय कोरलंय ते ऱ्हाऊ दे. पन आज चारचौघांत, हिच्या म्होरं, हिचं नाव हिच्या जागी म्हण. न्हाईतर मी उठून म्हणीन. मला माईक लागत न्हाय.”

एवढं बोलून तो टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीकडे गेला.

मी सुभेदारांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता. दुसऱ्यांच्या उखाण्यांवर हा माणूस तीस वर्षं हार घालून घेत होता, आणि मी त्याच्यावर नोट्स काढत होते.

“नावं खोडून मायभूमी लिहिली की कविता थोर होते, हे तुम्हाला बरं सुचलं,” मी म्हणाले.

“तसं नाही, मॅडम.” सुभेदारांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. “त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे मारुती गेला. माझ्या शेजारी गेला. पुढं मी काविळीनं दवाखान्यात पडलो, तेव्हा विसरायला नको म्हणून सगळ्यांच्या ओळी लिहीत होतो. संत्री वाटायला पुण्याच्या बाई आल्या. त्या मासिकवाल्या निघाल्या. म्हणाल्या, कविता करता? स्वच्छ लिहून ठेवा, मी पलीकडच्या वॉर्डातून येते. स्वच्छ लिहायला बसलो आणि मारुतीच्या ओळीपाशी हात थांबला.”

“का?”

“त्यानं जिचं नाव घेतलं, ती बिनलग्नाची पोर होती. ह्याच गावची. मेलेल्या शिपायानं उखाण्यात घेतलेलं तिचं नाव छापून गावात आलं असतं तर तिला कुणी करून घेतलं असतं? म्हणून तिथं मायभूमी लिहिलं. पण एकच नाव बदललं तर लोक विचारणार, इथंच मायभूमी का? म्हणून सगळीच बदलली. खाली माझं नाव बाईंनी घातलं. पुढं लोक एकेक पायरी चढवत गेले, आणि खाली उतरायची हिंमत मला झाली नाही.”

माझा राग थोडा निवळला. “मग आता काय अडचण आहे? त्या मुलीचं लग्न झालंच असेल.”

“झालंय,” सुभेदार म्हणाले. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. “माझ्याशी.”

मीही त्या दाराकडे बघितलं.

“काकूंना माहीत आहे?”

“नाही. मारुतीची ट्रंक घेऊन मी गावात आलो तेव्हा सगळ्या बाया रडत होत्या, ही एका बाजूला कोरडी उभी होती. तिनं कुठल्या नात्यानं रडायचं? पुढं दोन वर्षांनी तिचं स्थळ मला सांगून आलं. मी हो म्हटलं. मारुतीनं शेवटी तुझं नाव घेतलं होतं, हे लग्नाआधी सांगायचं राहिलं, आणि लग्नानंतर कुठल्या तोंडानं सांगू? तिला वाटलं असतं, मी दया म्हणून लग्न केलं.” त्यांनी पंच्याने पुन्हा तोंड पुसलं. “हौसावहिनींचं नाव घेतो, गजराचं घेतो. माझी अब्रू गेली तर जाऊ दे. पण मारुतीच्या ओळीत मायभूमीच राहील. ज्ञानूला ते नाव आठवलं नाही म्हणजे मिळवली.”

“आठवेल?”

“तीस वर्षं झाली. पण त्याचा नेम नाही.”

दुपारी वाचनालयासमोर मांडव भरला. पुढे निवृत्त फौजी कडक इस्त्रीत, एका बाजूला बाया, मागे शाळेची पोरं. कापड निघालं, टाळ्या झाल्या. हेडमास्तरांनी परिचय करून देताना कविता रक्तानेच लिहिली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून कवीला गोळीही मारली. बायांमध्ये बसलेल्या काकूंनी हौसाबाईच्या कानात काहीतरी सांगितलं. ते कावीळच असणार, कारण हौसाबाईने तोंडाला पदर लावला.

सुभेदार उभे राहिले. कागद त्यांनी घेतलाच नाही.

“ही कविता छापलीय तशी नव्हती,” ते म्हणाले. “आणि ती माझी एकट्याची नाही. खरं तर माझी नाहीच. ज्यांची होती त्यांनी जशी म्हटली, तशी आज म्हणतो.”

पाहुणे म्हणून आलेल्या सभापतींनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातला कार्यक्रम बारकाईने वाचू लागले.

“खंदकात बसलो, डोक्यावर ऊन, हौसाचं नाव घेतो मिशीला पीळ देऊन. हे नाईक ज्ञानू शेवाळे यांचं.”

मग बायांमधून हसू फुटलं आणि फौजी टाळ्या पिटू लागले. ज्ञानूने उठून चहूकडे सलाम ठोकला आणि मग बायकोकडे बघितलं. हौसाबाई लाजून खाली बघत होती. आता चहात साखर पडणार हे मला तेवढ्यावरून कळलं. पाठोपाठ यशवंताची गजरा आली, आणि लोकांना उखाण्यांची गोडी लागली. सुभेदारांची अब्रू जायचं लक्षण दिसेना. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या कवितेला लोक मोकळेपणाने हसत होते.

मग ती ओळ आली. ती सगळ्यांना पाठ होती. दगडावरही तीच सर्वांत मोठ्या अक्षरांत कोरलेली होती.

“परतीच्या वाटेवर आंब्याला मोहोर,
मायभूमीचे नाव घेतो मरणाच्या समोर.”

“चुकला!” ज्ञानू ताडकन उभा राहिला. “रंगा, चुकला तू!”

मी माईक घेऊन टेबलाच्या पलीकडे सरकले. पण त्याने सकाळी सांगितलं होतं ते खोटं नव्हतं, त्याला माईक लागत नव्हता.

“तिथं मायभूमी न्हवती! मारुतीनं पोरीचं नाव घेतलं होतं. मला पक्कं ठाऊक हाय. आम्ही चिडवलं होतं त्याला. काय बरं नाव? आनंदी? न्हवं. अंबू? थांबा, जिभेवर हाय…”

“ज्ञानू, खाली बस,” सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

“आरं, मेलेल्या माणसाची ओळ हाय, ती तरी नीट म्हण! आकू? आंजना?”

“अनसूया,” बायांच्या बाजूने आवाज आला.

काकू उभ्या होत्या.

“हां! अनसूया!” ज्ञानूने टाळी वाजवली. “पन वहिनी, तुम्हाला कसं ठावं?”

“तो आंबा माझ्या बापाच्या बांधावरला,” काकू म्हणाल्या. “मारुती जाताना तिथंच सांगून गेला होता. मोहोर यायच्या आत येतो आन चारचौघांत तुजं नाव घेतो, म्हणून.”

ज्ञानूचा हात हवेतच राहिला आणि तो हळूहळू खाली बसला. सुभेदार काकूंकडे बघत होते. समोर गाव बसलंय, सभापती बसलेत, याचं त्यांना भान नव्हतं.

“कधी कळलं तुला?” त्यांनी विचारलं.

“पयल्या दिवशीच. मास्तरांनी देवळात मासिक वाचून दावलं तवा. बाकीच्या बाया मायभूमीसाठी डोळं पुसत होत्या. त्यांच्यात बसून मीबी रडून घेतलं. तोवर मला रडाया जागाच न्हवती.” काकूंनी पदर नीट केला. “आन माझं नाव तुमी कशापायी झाकलंत, तेबी तवाच कळलं. म्हणून तर बापाला म्हटलं, माझं स्थळ द्यायचं तर ते अक्षरवाल्या खराड्यांच्या पोराकडं न्या. दुसरीकडं मी जायची न्हाय.”

सूत्रसंचालकाने अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं. मी माईक खाली ठेवला.

“आता नीट म्हणा,” काकू म्हणाल्या. “त्याचं त्याला देऊन टाका.”

सुभेदारांनी ओळ पुन्हा म्हटली. अनसूयेचं नाव घेतो मरणाच्या समोर. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतले दोन म्हातारे फौजी टोप्या काढून बसले.

“आन भावजी, तुमचं?” हौसाबाईने सुभेदारांना विचारलं. तिला आता चांगलाच धीर आला होता. “समद्यांची नावं झाली. तुमी कुठं घेतलं?”

“घ्या! घ्या!” बाया ओरडल्या. मग पोरंही ओरडू लागली.

ज्यांच्या मौनावर लेख लिहिले गेले ते सुभेदार रंगराव खराडे भर मांडवात मान खाली घालून उभे राहिले. ओठ हलत होते, बोटं कोटाच्या गुंडीशी चाळा करत होती. मी मराठीची प्राध्यापिका. चार यमकं माझ्या तोंडाशी आली होती, पण ती पुरवायचा मला काही अधिकार नव्हता. काकू अजून उभ्याच होत्या.

शेवटी सुभेदारांनी मान वर केली.

“दुसऱ्यांच्या ओळींवर झालो मी कवी,
अनसूयेचं नाव घेतो, ओळ ही नवी.”

“जमलं,” काकू म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून खाली बसल्या.